संध्याकाळचं पोर्ट्रेट: उजेड आणि फ्लॅश जुळवण्याची तयारी

बॅग भरण्याआधी त्या दिवशीची सूर्यास्ताची वेळ बघा. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, जूनअखेरीस सव्वासात वाजून जातात. त्यानंतर आकाशात कामाचा उजेड उरतो तो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. आपल्याकडे संधिप्रकाश रेंगाळत नाही. म्हणून ‘संध्याकाळी भेटू’ एवढ्यावर सोडू नका. सूर्यास्ताच्या दीड तास आधी माणसं जागेवर, तासभर आधी पहिला चाचणी फोटो, असं वेळापत्रक करा आणि आदल्या दिवशीच सगळ्यांना कळवा. नऊवारी नेसायची असेल, अंबाडा घालायचा असेल, तर त्याला किती वेळ लागणार हे घरातल्या बायकांना विचारा आणि त्यावर अर्धा तास चढवा. सगळी गणितं बरोबर असूनही उजेड हातातून जातो तो बहुतेक वेळा इथेच.

मग दिशा. मरीन ड्राइव्ह, दादर चौपाटी, वांद्र्याचा किल्ला या जागा पश्चिमेच्या समुद्राकडे तोंड करून आहेत. समुद्र मागे घेतला की सूर्य माणसाच्या पाठीशी येतो, केसांना सोनेरी कड मिळते आणि चेहरा काळवंडतो. फ्लॅश लागतो तो या चेहऱ्यासाठी. गेटवे ऑफ इंडियाला गणित उलटं आहे. कमान पूर्वेच्या बंदराकडे आहे, आपण चौकात उभे राहून तिच्याकडे कॅमेरा धरला की सकाळचं ऊन समोरून, कमानीच्या मागून येतं. जागा ठरली की शक्य असल्यास त्याच वेळी एकदा जाऊन या आणि फोनवर नुसते चार फोटो काढून आणा: ऊन कुठल्या इमारतीमागे जातं, रस्त्यावरचे दिवे कधी लागतात, ते पांढरे आहेत की पिवळे. दिव्यांबाबत जुन्या आठवणीवर विसंबू नका. मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे काढून २०१५मध्ये पांढरे एलईडी बसवले, त्यावरून मोठा वाद झाला आणि पुढे पुन्हा पिवळसर छटा आणली गेली. आपण बॅगेत कुठल्या रंगाचं जेल, म्हणजे फ्लॅशपुढे लावायची रंगीत पारदर्शक पट्टी, टाकणार हे या दिव्यांवर ठरतं.

नाइलाजाने दुपारची वेळ घ्यावी लागली तर मात्र उघड्यावर थांबू नका. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस इथे सूर्य साडेबारा-पाऊणच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर उतरते. फोर्टातल्या कमानींखाली, वडाच्या सावलीत, देवळाच्या ओवरीत माणसाला न्या आणि तिथे उजेड भरा.

आता सगळ्यात महत्त्वाची तयारी, आणि ती डोक्यात करायची आहे. आधी उजेड ठरवायचा, मग फ्लॅश. बहुतेक जण उलट करतात. फ्लॅश पेटवतात, चेहरा छान दिसला की खूश होतात, आणि मागचा समुद्र काळाकुट्ट झालेला घरी आल्यावर दिसतो. तो फोटो मग दादरचा आहे की बंद स्टुडिओतला, कळत नाही. मला वाटतं, पोर्ट्रेटमध्ये ती जागा आणि ती वेळ ओळखू आलीच पाहिजे. त्या उजेडात जेवढं कमी आहे तेवढंच फ्लॅशने द्यावं.

यासाठी एक गोष्ट पक्की करून ठेवा. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या अगदी छोट्या भागात होऊन जातो, त्यामुळे शटर किती वेळ उघडं आहे याने त्याला फरक पडत नाही. शटरने फक्त नैसर्गिक उजेड कमी-जास्त होतो. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) दोन्ही प्रकाशांवर चालतात. म्हणजे मागचं आकाश गडद हवं असेल तर शटरचा वेग वाढवा, चेहऱ्याला धक्का लागत नाही. चेहरा उजळ हवा असेल तर फ्लॅशची पॉवर वाढवा किंवा फ्लॅश जवळ आणा, आकाशाला धक्का लागत नाही. अंतर दुप्पट केलं की चेहऱ्यावर पोचणारा प्रकाश चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). बटणांशी खेळण्यापेक्षा स्टँड एक पाऊल पुढे सरकवणं पुष्कळदा सोपं पडतं. हे तोंडपाठ होईपर्यंत घरच्या खिडकीत कुणालाही बसवून सराव करा. प्रत्यक्ष जागेवर, माणसं ताटकळत असताना, हे आठवायला वेळ मिळत नाही.

शटरला एक मर्यादा आहे, तिला सिंक स्पीड म्हणतात. बहुतेक कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५० सेकंद असते. आपल्या कॅमेऱ्याची किती हे आजच माहितीपुस्तिकेत बघा. त्यापुढे गेलात तर फोटोत काळा पट्टा येतो. स्वच्छ उन्हात आयएसओ १००, शटर १/२०० ठेवलं की अॅपर्चर एफ/११च्या आसपास जातं, म्हणजे छिद्र बरंच लहान होतं, आणि मागची पार्श्वभूमी धूसर करायची इच्छा तिथेच संपते. यावर दोन उपाय आहेत. एक हाय-स्पीड सिंक: शटरचा वेग हवा तेवढा वाढवता येतो, पण फ्लॅशची ताकद बरीच घटते, तो माणसाच्या अगदी जवळ आणावा लागतो. दुसरा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच: तीन स्टॉपचा लावला की एफ/११चं एफ/४ होतं. फिल्टर फ्लॅशलाही तेवढाच अडवतो, पण अॅपर्चर तितकंच उघडल्याने फ्लॅशचा हिशेब जागच्या जागी राहतो आणि हाय-स्पीड सिंकमधली तूट टळते. मी फिल्टरच्या बाजूने आहे. सूर्य खाली गेल्यावर तो काढून ठेवायचा, एवढं लक्षात असू द्या.

बॅगेत काय? फ्लॅशसाठी चार्ज केलेल्या सेलचे दोन संच, जुने-नवे न मिसळता, रबर लावून वेगळे. ट्रिगरचे, म्हणजे कॅमेऱ्यावरून दूरचा फ्लॅश पेटवणाऱ्या यंत्राचे, सेल वेगळे, ते हमखास राहतात. स्टँड, छोटा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी), पाच-इन-वन रिफ्लेक्टर. नारिंगी जेल अर्ध्या आणि पूर्ण ताकदीची, फिकट हिरवं एक; ती घरी नसतील तर सीएसएमटीसमोर बोरा बाजारच्या आसपासच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत विचारा. टिश्यू पेपर, सेफ्टी पिना, चिकटपट्टी. ट्रिगरचा चॅनेल आदल्या रात्री बदलून ठेवा. मरीन ड्राइव्हवर लग्नसराईत संध्याकाळी लग्नाआधीचे फोटो काढणारी दोन-चार टोळकी असतातच. तुमचा आणि त्यांचा चॅनेल एक निघाला तर त्यांच्या प्रत्येक क्लिकला तुमचा फ्लॅश पेटेल. सामान लोकलने नेणार असाल तर गर्दीच्या वेळेआधी निघा. स्टँड घेऊन सहाच्या विरार लोकलमध्ये शिरायचा विचारही करू नका.

फ्लॅशला लावायची छत्री घरी ठेवा. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि छत्री लावलेला स्टँड शिडासारखा पलटी होतो, खाली कुणाचं लेकरू खेळत असतं. सॉफ्टबॉक्सही छोटाच बरा, आणि स्टँडच्या पायाला आपलीच बॅग अडकवा. त्याहून चांगलं म्हणजे मोनोपॉडवर (एका पायाच्या दांड्यावर) फ्लॅश लावून तो धरायला एखादा माणूस सोबत न्या. माणूस तुमच्याबरोबर सरकतो, वाऱ्यात धरून ठेवतो, आणि स्टँड रोवला की येणारा ‘परवानगी आहे का?’ हा प्रश्नही टळतो. अर्थात काम व्यावसायिक असेल तर परवानगी आधी काढलेलीच बरी. रेल्वे स्थानकं आणि संरक्षित वास्तू इथे तर त्याशिवाय जाऊच नका.

कपड्यांबद्दल आदल्या दिवशी बोलून घ्या. पैठणीची जर समोरून आलेला फ्लॅश तशीच परत फेकते आणि पदराचे ठिपके पांढरेफटक होतात. म्हणून प्रकाश बाजूने आणि पसरट हवा. नथ डाव्या नाकपुडीत असते. फ्लॅश तिच्या डाव्या हाताला उंच ठेवला तर मोत्यांची सावली ओठांवर पडते, उजव्या हाताला घेतला तर ती गालाकडे जाते आणि तोंड स्वच्छ राहतं. आजोबांचा पांढरा सदरा आणि टोपी असेल तर उजेड चेहऱ्यावरून मोजा, पण हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा उजेडाचा आलेख) उजवा काठ बघत राहा, पांढरं जळत नाही ना हे तिथे कळतं. चष्मा असेल तर फ्लॅश थोडा वर चढवा आणि त्यांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. घाम टिपायला टिश्यू द्या; मुंबईच्या दमट हवेत कपाळ दर पाच मिनिटांनी चमकतं आणि फ्लॅश ती चमक वाढवतो. सावळा रंग उजळवण्याच्या नादात फ्लॅश चढवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. माणूस आहे त्या रंगात सुंदर दिसतो, फक्त त्याला आकार देणारा प्रकाश हवा.

एखादा फोटो घरातही काढायचा असतोच, विशेषतः आजी असेल तर. गिरगाव-लालबागच्या चाळीतली खोली म्हणजे गॅलरीकडून येणारा एका बाजूचा सुरेख उजेड. आजी म्हणणारच, “अंधार आहे रे, थांब, ट्यूब लावते.” तिला प्रेमाने थांबवा. ट्यूबचा हिरवट थंड प्रकाश खिडकीच्या उजेडात मिसळला की त्वचेचा रंग कुठल्याच व्हाइट बॅलन्सवर (कॅमेऱ्यातली रंग जुळवण्याची सोय) बसत नाही. ट्यूब लावावीच लागली तर फ्लॅशवर ते फिकट हिरवं जेल चढवा, म्हणजे निदान दोन्ही एका रंगाचे होतात. फ्लॅश भिंतीवर मारून परत आणायचा असेल तर आधी भिंत बघा. हिरव्या किंवा गुलाबी ऑइलपेंटवरून परतलेला प्रकाश तोच रंग चेहऱ्यावर आणतो. अशा वेळी एक पांढरी चादर दोरीवर टाका आणि तिच्यावर मारा. पॉवर अगदी कमी, १/६४पासून सुरू करून.

जागेवर पोचल्यावरचा क्रम असा. कॅमेरा मॅन्युअल, फ्लॅश बंद. आकाश किंवा समुद्र हवा तसा दिसेपर्यंत उजेड ठरवा. मी तो साधारण एक स्टॉप गडद ठेवते, ढगांचे रंग टिकतात. मग फ्लॅश १/८वर लावून एक फोटो, आणि चेहरा बघून कमी-जास्त. टीटीएल (फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) वापरत असाल तर फ्लॅशची भरपाई उणे एकपासून सुरू करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका, ‘डेलाइट’वर बांधून टाका. फ्लॅशचा रंग साधारण ५५०० केल्व्हिन, मावळतीचं ऊन त्याहून पुष्कळ पिवळं. म्हणून सूर्य खाली आला की अर्धं नारिंगी जेल चढवा, नाहीतर सोनेरी संध्याकाळीत निळसर चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो.

सूर्य बुडाला की फ्लॅशला हात लावू नका. उजेड उतरत जाईल तसं शटर १/२००वरून १/१००, मग १/५० असं खाली आणा. चेहरा तसाच राहील, आकाश टिकेल. १/५०च्या खाली माणूस हलल्याची धूसर कड दिसू लागते. तिथून पुढे आयएसओ दुप्पट करा आणि फ्लॅशची पॉवर निम्मी. रस्त्याचे एलईडी लागले असतील तर १/१०० किंवा १/५०वरच राहा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने या वेगांना दिव्यांच्या लुकलुकीचे पट्टे सहसा येत नाहीत.

पावसाळ्यात ढगांमुळे सगळीकडून सारखाच मऊ उजेड येतो आणि चेहरे सपाट दिसतात; तेव्हा बाजूने थोडासा फ्लॅश पुरतो. एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते, म्हणून कॅमेरा बंद बॅगेत दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. परतल्यावर लेन्सची काच फुंकणीने साफ करून, बॉडी आणि फ्लॅशचा पाय किंचित ओल्या फडक्याने व मग कोरड्याने पुसा. खारा वारा धातूच्या संपर्कबिंदूंवर बसतो आणि पुढच्या वेळी फ्लॅश पेटत नाही. सेल चार्जिंगला लावा, सिलिका जेलची पुडी बदला आणि कार्ड रिकामं करण्याआधी फोटो दोन ठिकाणी उतरवा.