विमा विकताना मान ताठ राहावी म्हणून

'विमेवाला आला' म्हटल्यावर 'साहेब घरी नाहीत' असा निरोप आतून येणे, आणि तो देणारा आवाज बहुधा साहेबांचाच असणे, हा अनुभव आयुर्विम्याच्या व्यवसायात नव्याने उतरलेल्या प्रत्येकाला येतो. विमा प्रतिनिधी होण्यासाठीची आयसी-३८ ही परीक्षा उत्तीर्ण होऊन नियुक्तिपत्र हाती पडते. पण नकार पचवावा कसा, हे त्या अभ्यासक्रमात नसते. मग कोणी सांगते की सकाळी आरशासमोर उभे राहून 'मी जिंकणारच' असे दहा वेळा म्हणा. त्याने फार तर पहिल्या इमारतीच्या फाटकापर्यंत जाता येते. पुढचे बळ आपले काम खरोखर उपयोगी आहे, याची स्वतःला खात्री पटल्यावरच येते.

त्यासाठी आधी पॉलिसीच्या अटी मुळापासून वाचाव्यात. पसंत नसलेली पॉलिसी ती हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, आणि विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार पॉलिसीला ३ वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला तिच्या वैधतेवर कोणत्याही कारणाने प्रश्न उपस्थित करता येत नाही, या दोन गोष्टी कागद न पाहता सांगता आल्या पाहिजेत. परतीची सोय तर ग्राहकाने विचारण्याआधीच सांगावी. लपवण्यासारखे काही उरले नाही, की बोलण्यातली चाचर आपोआप कमी होते. याच कारणाने प्रपोजल फॉर्ममध्ये मधुमेह किंवा रक्तदाब लपवून बिझनेस करू नये. तो लपवलेला आजार पुढे क्लेमच्या वेळी विधवेसमोर आणि आपल्यासमोर उभा राहतो.

आत्मसन्मानाची खरी परीक्षा मात्र 'पहिल्या हप्त्यातले किती सोडणार?' या प्रश्नाला होते. 'इतर एजंट तर देतात' हे वाक्यही त्यामागून ठरलेलेच असते. आपल्या कमिशनमधून ग्राहकाला सूट देणे याच कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रतिबंधित असून त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, सूट देणारा प्रतिनिधी आपल्या कामाची किंमत शून्य आहे, हे स्वतःच कबूल करत असतो, आणि पुढच्या वर्षी तोच ग्राहक जास्त सूट देणाऱ्याकडे जातो. उत्तर शांतपणे द्यावे: "सूट मी देत नाही. हप्त्याची आठवण, पत्त्यातला बदल, नॉमिनीची नोंद आणि क्लेमचे कागद, हे सगळे मी पाहतो. कमिशन त्याचेच आहे." एवढे बोलून गप्प राहावे. नवख्याला ती शांतता सहन होत नाही आणि घाईघाईत तो स्वतःच आकडा खाली आणतो. त्या मिनिटभराची सवय जाणीवपूर्वक करावी लागते. काही ग्राहक जातील; माझ्या मते ते गेलेलेच बरे.

नातेवाइकांकडे जाण्यात गैर काही नाही, पण "मार्चएंड आहे, माझ्यासाठी एक पॉलिसी काढा" हे वाक्य कायमचे टाळावे. अशी पॉलिसी दुसऱ्याच हप्त्याला लॅप्स होते, म्हणजे हप्ता न भरल्याने बंद पडते, आणि लग्नकार्यात मामा नजर चुकवतात. त्यापेक्षा "आमच्या मेव्हण्याकडून काढलीय" असे कोणी म्हटले, तर "छान झाले, फक्त नॉमिनी कोण आहे तेवढे एकदा बघा" असे सांगून पाहावे. नोकरीला लागल्यावर काढलेल्या पॉलिसीवर आईचे नाव असते, पुढे लग्न होते, मुले होतात, आई जाते, तरी ते नाव तसेच राहते. कपाटातून बॉंड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, काढून नवरा-बायको ते नाव वाचतात, तेव्हा त्या घरातील आपले स्थान बदललेले असते. मग ती पॉलिसी आपली नसली तरी चालते.

नकारांची नोंद वहीत ठेवावी, पण 'नाही म्हणाले' एवढेच लिहू नये. हप्ता झेपत नाही, निर्णय वडील घेतात, आधीच्या एजंटाने फसवले, अशी कारणे लिहिली की बहुतेक नकारांचा आपल्याशी संबंधच नव्हता, हे काही आठवड्यांत स्वतःच्याच अक्षरात दिसते. ज्यांचा संबंध आपल्या अर्धवट माहितीशी होता, ते वेगळे काढून त्यांचा अभ्यास करावा.

मृत्यूचा क्लेम मिळवून देणे हा या व्यवसायातला सर्वांत मोठा शिक्षक आहे. पहिल्या वर्षी बहुधा स्वतःचा क्लेम नसतो. म्हणून शाखेतल्या एखाद्या ज्येष्ठ प्रतिनिधीला विनंती करून त्यांच्याबरोबर जावे. एलआयसीचा ३७८३ क्रमांकाचा अर्ज भरताना मूळ बॉंड, मृत्यूचा दाखला आणि बॅंकेचा तपशील कसा जुळवतात, कागदावरच्या आणि आधारवरच्या नावात फरक निघाला तर काय करतात, पॉलिसी ३ वर्षांच्या आतली असेल तर चौकशी का होते, आणि हे सारे चालू असताना घरच्यांशी किती कमी बोलायचे असते, हे तिथेच कळते. रक्कम खात्यात जमा झाल्याचे कळेपर्यंत त्या प्रकरणाचा पाठपुरावा आपणही करावा.