अथेन्स दोन दिवसांत कसे पाहावे

अक्रोपोलिसची टेकडी आणि पायथ्याचे अक्रोपोलिस म्युझियम एकाच दिवशी पाहा, आणि आधी टेकडी. देवळे वर आहेत, पण त्यांची अथेन्समध्ये उरलेली बहुतेक शिल्पे खाली म्युझियममध्ये आहेत. मध्ये एक-दोन दिवस गेले की कोणते शिल्प कुठे बसत होते हे डोक्यातून जाते.

१. तिकीट घरूनच काढा. अक्रोपोलिसचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, ते सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या. सकाळचा पहिला स्लॉट मिळाला तर सोडू नका. उन्हाची लाट आली की भर दुपारी टेकडी चक्क बंद ठेवतात. म्युझियमचे तिकीट वेगळे असते.

२. दक्षिणेच्या दाराने चढा. ते 'अक्रोपोली' मेट्रो स्थानकापासून जवळ आहे आणि मुख्य दारापेक्षा तिथे गर्दी बेताची असते. वाटेत डायोनिससचे नाट्यगृह लागते. आजच्या दगडी बैठका नंतरच्या, पण सोफोक्लिस आणि युरिपिडीस यांची नाटके इथेच झाली. नाटकवेड्या मराठी माणसाने घाईने पुढे जाऊ नये. पायांत रबरी तळव्याचे बूट हवेत. वरचा संगमरवर लाखो पायांनी घासून गुळगुळीत झाला आहे, तिथे कोल्हापुरी नको.

३. टेकडीवरचे मुख्य देऊळ म्हणजे पार्थेनॉन; तिथे फोटोआधी पायऱ्या बघा. कोपऱ्याजवळ वाका आणि लांब बाजूच्या पायरीच्या रेषेत नजर लावा. पायरी सरळ नाही, मधोमध सुमारे ११ सेंटिमीटर उचललेली आहे. पावसाचे पाणी वाहून जावे आणि लांब रेषा डोळ्याला खोलगट दिसू नये, अशी दोन कारणे सांगतात. इ.स.पू. ४४७ ते ४३२ मधले हे देऊळ दोन हजार वर्षे बऱ्यापैकी उभे होते. १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा ठेवलेला असताना व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला.

४. खाली उतरून म्युझियममध्ये जा. टेकडीवरच्या इरेक्थिऑन या देवळाच्या सज्जाला डोक्यावर पेलणाऱ्या सहा दगडी स्त्रिया वर दिसतात, त्या प्रतिकृती. मूळच्या पाच इथे आहेत, सहावी लंडनला. तिची जागा रिकामी ठेवली आहे. त्यांच्या मागे जाऊन उभे राहा. चेहरे झिजले, पण पाठीवरच्या जाडजूड वेण्यांचा पेड न् पेड अजून मोजता येतो. सर्वांत वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पे आहेत: मधाळ रंगाचे दगड अस्सल आणि पांढऱ्याफटक त्या प्लास्टरच्या प्रतिकृती. पांढऱ्यांपैकी बहुतेकांचे मूळ दगड ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने काय आणि किती नेले, हे वाचत बसण्यापेक्षा इथे चटकन कळते.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचीन अगोरा, म्हणजे जुन्या शहराचा बाजारचौक. हेफेस्टसचे देऊळ छपरासकट शाबूत आहे, ते बघालच. पण माझ्या मते खरी गंमत अट्टालोसच्या स्टोआमधल्या (खांबांच्या लांब ओसरीतल्या) छोट्या म्युझियममध्ये आहे. शहराबाहेर दहा वर्षे कुणाला हाकलायचे, त्याचे नाव नागरिक खापरीवर कोरत. त्या खापऱ्या तिथे मांडल्या आहेत आणि पर्शियनांना हरवणाऱ्या थेमिस्टोक्लिसचेही नाव त्यांत आहे!

६. दुपारनंतर राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी तपासा. सगळी दालने पाहायचा हट्ट धरू नका. दंतकथेतल्या 'अगामेम्नॉन' राजाचा म्हणून प्रसिद्ध असलेला सोन्याचा मुखवटा आणि समुद्रतळातून निघालेले अँटिकिथेराचे यंत्र, एवढे नीट बघा. गंजलेल्या काशाच्या त्या ढेकळात ३० दातेरी चाके असल्याचे क्ष-किरणांनी दाखवले. सूर्य-चंद्राच्या गती आणि ग्रहणे सांगणारे ते गणकयंत्रच होते.

शाकाहारी असाल तर खानावळीत 'निस्तिसिमो' काय आहे ते विचारा. हे ग्रीकांचे उपासाचे जेवण, त्यात मांस आणि दूध नसते. मात्र कोळंबी-माकूळ त्यांच्या उपासाला चालतात, तेव्हा तेवढे नको असे आधीच सांगा.