वर्ड्‌स्वर्थची ‘इमॉर्टॅलिटी ओड’ कशी वाचावी

लहानपणी जग स्वप्नासारखे उजळलेले दिसते आणि मोठेपणी तेच नेहमीचे होऊन बसते. या अनुभवावर इंग्रज कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थने लिहिलेली ‘इमॉर्टॅलिटी ओड’ (अमरत्वावरचे दीर्घ भावगीत) ही अकरा कडव्यांची कविता पुष्कळदा केवळ हरवलेल्या बालपणाचा शोक म्हणून वाचली जाते आणि मग तिचा सर्वांत मोलाचा भाग हातून निसटतो.

आधी पहिली चार कडवी मोठ्याने वाचावीत आणि पुस्तक मिटून ठेवावे. १८०२च्या वसंतात कवीही इथेच थांबला होता. ते तेज, ते स्वप्न आता कुठे गेले, हा प्रश्न त्याने लिहून ठेवला आणि कविता पूर्ण व्हायला १८०४ उजाडले. आपणही निदान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. त्या अवकाशात त्याचा कविमित्र कोलरिज याची ‘डिजेक्शन’ (खिन्नता) ही कविता वाचावी, कारण निसर्गाला आपण जे देतो तेच त्याच्याकडून परत मिळते, हे तिचे कठोर उत्तर वर्ड्‌स्वर्थच्या उत्तराहून फार वेगळे आहे.

पाचव्या कडव्यात जन्म म्हणजे झोप आणि विस्मरण, असे म्हटले आहे. पुनर्जन्माच्या कल्पनेत वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकांनी येथे घाई करू नये. आत्म्याचे पूर्वास्तित्व, म्हणजे जन्माआधीचे असणे, आपण श्रद्धा म्हणून शिकवत नाही, असे कवीने १८४३ साली आपल्या स्नेही इझाबेला फेनिक यांना स्पष्ट सांगितले होते. सातव्या कडव्यातले सहा वर्षांचे मूल लग्नाची आणि अंत्ययात्रेची नक्कल करत खेळते, म्हणजे मोठेपण ते स्वतःच हौसेने अंगावर ओढून घेत असते.

नववे कडवे मात्र सावकाश, दोनतीनदा वाचावे. कवी येथे बालपणाच्या आनंदाबद्दल किंवा मोकळेपणाबद्दल कृतज्ञ नाही, तर बाहेरचे जग खरे आहे का, या त्या वयातल्या हट्टी शंकेबद्दल आहे. शाळेत जाताना जग विरून जाईल या भीतीने आपण भिंत किंवा झाड धरून उभे राहत असू, ही कवीचीच आठवण शेजारी ठेवली की या ओळी उलगडतात.

अखेरच्या कडव्यात मावळत्या सूर्याभोवतीच्या ढगांचा गंभीर रंग पाहावा. माणसाचे मरण पाहिलेल्या डोळ्यांनाच तो दिसतो, असे कवी म्हणतो, आणि हे डोळे मुलाजवळ नसतात.