वसतिगृहातील गरम पाण्याची वीज मोजताना या चुका टाळा

साताऱ्यातील एका मोठ्या वसतिगृहात गरम पाण्यासाठी लागणाऱ्या विजेचा हिशेब आम्ही प्रथम मांडला, तेव्हा तो जुळेना. १००० लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यास १.१६३ युनिट लागतात. म्हणजे २५ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ४१ युनिट. टाकीत गेलेल्या लिटरांवरून काढलेल्या युनिटांपेक्षा हीटरचा मीटर कितीतरी अधिक युनिट दाखवत होता. सर्वांनी मीटरला दोष दिला, आणि नेमकी हीच चूक सर्वाधिक ठिकाणी होते.

रात्री अडीच वाजता आम्ही टाकीशी जाऊन उभे राहिलो. पाण्याच्या मीटरचा काटा स्थिर होता, मुले झोपली होती. तरीही हीटरचा कॉन्टॅक्टर (हीटर आपोआप चालू-बंद करणारा स्विच) दर थोड्या वेळाने खटकन लागत होता आणि परतीचा पाइप हाताला चांगलाच गरम लागत होता. नळ उघडताच गरम पाणी मिळावे म्हणून मोठ्या इमारतींत पंपाने पाणी सतत फिरवतात. या फेऱ्यात मिनिटाला १० लिटर पाणी ६० अंशांनी जाऊन ५५ अंशांनी परत येत असेल, तर दिवसाला सुमारे ८४ युनिट केवळ पाइपमधून वाया जातात, म्हणजे २००० लिटर पाणी तापवण्याइतकी वीज. म्हणून परतीच्या पाइपवर स्वतंत्र उष्णतामापक (पाण्याचा प्रवाह आणि जाता-येतानाच्या तापमानातील फरक यांवरून उष्णता मोजणारा मीटर) हवाच, आणि निदान एक आठवडा मध्यरात्रीचे वाचनही नोंदवावे.

हा फरक मोजणारे तापमानाचे दोन सेन्सर जोडीने पारखलेले नसणे ही त्याच्याच जोडीची चूक. ३५ अंशांच्या फरकात १ अंशाची चूक ३ टक्क्यांच्या आसपास पडते. परतीच्या पाइपवरील ५ अंशांच्या फरकात तीच २० टक्के होते. पाइपच्या बाहेरून चिकटपट्टीने बांधलेल्या सेन्सरवर तर विसंबूच नये.

थंड पाण्याचे तापमान वर्षभर २५ अंश धरणे हेही चूकच आहे, कारण डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरील टाकीचे पाणी पहाटे बरेच गार असते. सोलर वॉटर हीटर असेल, तर पाणी त्यातून बाहेर पडते तिथेही सेन्सर बसवावा. नाहीतर उन्हाने दिलेली उष्णता विजेच्या खात्यावर चढते. पावसाळ्यातील एका आठवड्यावरून, किंवा दिवाळीच्या सुट्टीतील वाचनावरून, वर्षाचा अंदाज बांधू नये.

सांगलीकडे जिथे बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरतात, तिथे सेन्सरच्या नळीवर क्षारांचा थर बसतो आणि पाण्याच्या मीटरआधीची जाळी तुंबते, त्यामुळे दोन्ही नियमित साफ करावीत.

विजेचा मीटर सीटीवर (मोठा प्रवाह ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देणारा करंट ट्रान्सफॉर्मर) असेल, तर गुणक विसरू नये: १००/५ च्या, म्हणजे १०० अँपिअरचे ५ अँपिअर करणाऱ्या, सीटीवर, मीटरमध्ये तो गुणक आधीच भरलेला नसल्यास, वाचनाला २० ने गुणावे लागते. गुणलेला आकडा आणि मूळ वाचन नोंदवहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे.