ट्रान्सफॉर्मरमुळे वीज लांबवर कमी लॉसमध्ये कशी जाते, हिशोब स्वतः करून बघा

व्होल्टेज वाढवलं की लॉस कमी होतो हे पाठ सगळ्यांचं असतं, पण का ते विचारलं की गाडी अडते. म्हणून वही-पेन घ्या आणि एकदा हाताने करा.

समजा 1 लाख वॅट पाठवायचेत आणि जाणारी-येणारी तार मिळून रेझिस्टन्स 1 ओहम आहे (सिंगल फेज, पॉवर फॅक्टर 1 धरा, म्हणजे पॉवर सरळ व्होल्टेज गुणिले करंट, सोपं पडतं). आधी 1000 व्होल्टवर पाठवा. पॉवर भागिले व्होल्टेज, करंट आला 100 अँपिअर. तार तापून जाणारी पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे 10,000 वॅट, दहा टक्के वीज वाटेतच संपली! आता तेच 10,000 व्होल्टवर करा, करंट 10 अँपिअर आणि लॉस फक्त 100 वॅट. व्होल्टेज दहापट, लॉस शंभरावा हिस्सा, सगळी मेख त्या वर्गात आहे.

इथे बरेच जण एक चूक करतात, आणि ती समजून घेणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लॉस व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स असाही काढता येतो ना, मग व्होल्टेज वाढवल्यावर लॉस वाढायला नको का? नको, कारण त्या सूत्रातलं व्होल्टेज लाइनचं नाही, फक्त तारेत पडणारा ड्रॉप आहे. 10 अँपिअरला ड्रॉप 10 व्होल्ट, त्याचा वर्ग 100, भागिले 1, परत 100 वॅटच. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचतात, करून बघाच.

आता ट्रान्सफॉर्मर बसवा. प्रायमरीला (वीज आत येते ती कॉइल) 100 वेढे असतील तर सेकंडरीला (वीज बाहेर जाते ती कॉइल) 1000 घ्या, व्होल्टेज दहापट आणि करंट दहावा हिस्सा, पॉवर जवळपास तेवढीच. पलीकडच्या टोकाला उलट गुणोत्तराचा लावला की झालं. प्रत्यक्षात जनरेटरमधून साधारण 11 ते 25 किलोव्होल्ट निघतात, ते 400 किलोव्होल्टपर्यंत किंवा त्याहून वर चढवतात आणि मग टप्प्याटप्प्याने उतरवतात. आणि हो, हे एसीवरच चालतं, कारण कोरमधला (वेढ्यांच्या आतल्या लोखंडी गाभ्यातला) चुंबकीय फ्लक्स सतत बदलला तरच सेकंडरीत व्होल्टेज तयार होतं, सरळ डीसी दिला तर वेढे नुसते तापतील.

मग व्होल्टेज वाढवतच का नाही नेत? इन्सुलेटर मोठे लागतात, टॉवर उंच लागतात, आणि तारेभोवतीची हवा आयनाइज होऊन कोरोना लॉस, म्हणजे हवेत वीज गळणं, सुरू होतो. शिवाय ट्रान्सफॉर्मरचाही स्वतःचा लॉस असतो, मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरची एफिशियन्सी 99 टक्क्यांच्या वर जाते तरी कोरचा लॉस लोड नसतानाही चालूच राहतो. त्यामुळे अंतर अगदी थोडं असेल तर आधी वरचाच हिशोब करा, तारेतला लॉस दोन्ही ट्रान्सफॉर्मरच्या लॉसपेक्षा कमी निघाला तर चढवायच्या फंदात पडू नका.