करडई संपल्यावर आलेला थवा
मार्चअखेर सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाश्यांचा लहानसा थवा अंगणातल्या फांदीवर लटकला, तर त्याला वेगळी मधपेटी देण्याआधी आजूबाजूला काय फुललंय ते पाहा. सोलापूरकडे तोवर करडई आटोपलेली असते. पुढची भिस्त कडुनिंबावर, मग करंजावर आणि शेवटी चिंचेवर. ज्वारीचा हिशेब धरू नका; तिच्यातून पराग मिळतो, मकरंद नाही.

थवा पेटीतल्या दोन चौकटीही (माश्या ज्यात पोळं बांधतात त्या लाकडी चौकटी) झाकत नसेल, तर घरच्याच एखाद्या अशक्त पेटीत मिसळलेला बरा. दोन राण्यांपैकी कमजोर आधी काढा. संध्याकाळी एका पेटीवर वर्तमानपत्राचा कागद पसरा, त्याला सुईने चार भोकं पाडा आणि वर दुसरी ठेवा. माश्या कागद कुरतडेपर्यंत वास एकमेकांत मिसळतो, मारामारी टळते.

वेगळाच सांभाळायचा हट्ट असेल, तर साखर-पाणी समप्रमाणात, तेही अंधार पडताना. दिवसा दिलं की शेजारच्या माश्या लुटायला येतात. दार अरुंद करा. चाळिशीपारच्या उन्हात पेटीला सावली आणि जवळ खडे घातलेली पाण्याची थाळी हवीच. शेजारी डाळिंबाची बाग असेल, तर फवारणी कधी आहे ते आधी विचारून ठेवा.