जुनी नॅरोबोट घेताना आधी तळ तपासावा

इंग्लंडच्या कालव्यांवर कायम राहण्यासाठी बेताच्या पैशांत जुनी नॅरोबोट, म्हणजे अरुंद कालव्यांसाठी बांधलेली लांबट पोलादी बोट, घ्यायची असेल, तर आतले लाकूडकाम आणि नवी शेगडी पाहून भुलू नये. खरी किंमत पाण्याखालच्या पोलादाची असते. आजकालच्या नव्या बोटीचा तळ बहुधा 10 मिलिमीटर आणि बाजू 6 मिलिमीटर जाड पत्र्याच्या असतात, पण गंजून ही जाडी 4 मिलिमीटरखाली गेली, तर अनेक विमा कंपन्या पूर्ण विमा देत नाहीत आणि वरून नवा पत्रा जोडण्याचा खर्च सगळे अंदाजपत्रक कोलमडवतो.

म्हणून सौदा पक्का करण्यापूर्वी बोट पाण्याबाहेर काढून, स्वतः नेमलेल्या सर्वेक्षकाकडून तपासून घ्यावी. विक्रेत्याच्या जुन्या अहवालावर विसंबू नये. सर्वेक्षक शेवाळ खरवडून अल्ट्रासाउंडच्या यंत्राने जागोजागी जाडी मोजतो, तेव्हा शेजारी उभे राहावे. पाण्याच्या रेषेलगत नखाएवढे खड्डे दिसले, तर त्यांची खोलीही मोजायला सांगावी, कारण सरासरी जाडी चांगली असली तरी एखाद्याच खोल खड्ड्यातून पाणी शिरू शकते. केबिनच्या मागच्या टोकाची फळी उचलून खाली ओल आहे का, हेही पाहावे.

चार वर्षांनी नूतनीकरण होणारे बोट सेफ्टी प्रमाणपत्र गॅस, वीज आणि इंधनाच्या सुरक्षिततेपुरते असते. ते तळाची हमी देत नाही. बोट बांधून ठेवायला कायमची जागा परवडत नसेल, तर साधारणपणे दर 14 दिवसांनी बोट पुढे न्यावी लागते, तेव्हा नोकरी आणि मुलांची शाळा यांचा विचार खरेदीपूर्वीच करावा.